माझ्या संगणकावर तर चालते!

२०१७ सालच्या उन्हाळ्यात भोर आणि मुळशी तालुक्यांतल्या अकरा शाळांनी पाऊस मोजायचे ठरवले. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवायचा, रोज सकाळी साडेआठ वाजता मोजणी करायची आणि आकडा मिलिमीटरमध्ये लिहायचा. (आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठलाच संपतो, म्हणून ही वेळ.) अकरा शाळांचे आकडे एकत्र करायचे काम माझ्याकडे आले.

माझ्या संशोधनात मला पायथॉन ही संगणकाची भाषा रोज लागते. चार रविवार खर्च करून मी एक लहानशी आज्ञावली लिहिली. शाळेचे नाव निवडायचे, आकडा भरायचा, बटण दाबायचे. खाली लगेच अकरा शाळांचा आलेख दिसे. शिक्षकांच्या बैठकीत मी ती माझ्या लॅपटॉपवर दाखवली. सगळ्यांना आवडली. मग मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "सर, हे आमच्या फोनवर कसे उघडायचे?"

खरे उत्तर होते, "उघडत नाही." माझ्या आज्ञावलीचा पत्ता होता १२७.०.०.१. जगातल्या प्रत्येक संगणकाला हा पत्ता असतो आणि त्याचा अर्थ एकच, 'मी स्वतः'. बाईंनी तो आपल्या फोनवर टाकला असता तर त्यांचा फोन स्वतःलाच हाक मारत बसला असता. शिवाय मी लॅपटॉप मिटला की आज्ञावलीही मिटत होती. ती दिवसरात्र चालू राहायला हवी असेल, तर कधीही बंद न होणाऱ्या दुसऱ्या कुठल्या तरी संगणकावर ती नेऊन ठेवायला हवी होती. संगणकवाले याला 'डिप्लॉय करणे' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द फौज तैनात करण्यासाठी वापरतात, आणि पहिल्यांदा हे काम करणाऱ्याला तो अगदी योग्य वाटतो. बोलताना आपण 'सर्व्हरवर चढवणे' म्हणतो. मीही तसेच म्हणेन.

आपली आज्ञावली परक्या संगणकावर चालवायची ही अडचण आजची वाटते, पण ती फार जुनी आहे. एके काळी परका संगणक हाच एकमेव संगणक होता. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. देशातल्या अनेक संस्थांतली आणि विद्यापीठांतली माणसे आपले काम घेऊन तिथे जात. आज्ञावली म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा असे, एका ओळीला एक कार्ड. गठ्ठा खिडकीत द्यायचा, आपली पाळी येण्याची वाट पाहायची आणि नंतर छापील उत्तर घेऊन जायचे. एक स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा रांगेत. त्या पिढीतली माणसे गठ्ठा हातातून निसटून कार्डे विस्कटल्याच्या गोष्टी अजून सांगतात. त्यात एक सोय मात्र होती, जी आज आठवावी लागते. 'माझ्याकडे चालते, तुमच्याकडे चालत नाही' असे म्हणायला कुणाकडे दुसरे यंत्रच नव्हते!

रांगेचा हा त्रास अमेरिकेतही होताच. एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये एक प्रात्यक्षिक केले. एकच मोठा संगणक अनेक माणसांना थोडा थोडा वेळ इतक्या भराभर वाटून द्यायचा, की प्रत्येकाला तो आपल्या एकट्याचाच वाटावा. त्याच वर्षी त्याच संस्थेच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी यांनी असा विचार मांडला, की पुढे कधीतरी संगणनही टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होईल. ज्याला जेवढे हवे तेवढे त्याने वापरावे आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत. आपल्याला ही कल्पना विजेवरून चटकन समजते. मुंबईतल्या कापडगिरण्यांकडे आपापली वाफेची इंजिने असत. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज येऊ लागली, आणि हळूहळू गिरणीला स्वतःचे इंजिन आणि ते सांभाळणारी माणसे ठेवायची गरज उरली नाही. मॅकार्थींच्या डोळ्यांपुढे संगणनाचे असेच काहीतरी होते. ते प्रत्यक्षात यायला जवळपास पन्नास वर्षे लागली.

मधल्या काळात वारे उलटे वाहिले. संगणक स्वस्त झाले, टेबलावर आले, घरात आले. आज्ञावली जिथे लिहायची तिथेच ती चालू लागली. महाजाल आले तेही अशाच टेबलावरून. १९९० च्या अखेरीस जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावर नेक्स्ट कंपनीचा एक काळा संगणक होता. जगातला पहिला वेब सर्व्हर तो हाच. त्यावर लाल शाईने हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती, की हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका. मला ही चिठ्ठी फार बोलकी वाटते. सर्व्हर म्हणजे काही वेगळ्या धातूचे यंत्र नव्हे. ज्याला बंद व्हायची परवानगी नाही, असा तो एक संगणक.

पायथॉनचा जन्मही याच सुमाराचा. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या संस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत ही भाषा लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. नावात अजगर असला तरी तो 'मॉन्टी पायथॉन' या ब्रिटिश विनोदी मंडळींकडून आलेला आहे. महाजाल आणि पायथॉन असे जुळ्या भावंडांसारखे वाढले, पण दोघांचे सूत जमायला बराच काळ लागला.

सुरुवातीला सर्व्हर फक्त तयार पाने वाढत असे. मागणाऱ्याप्रमाणे पान बदलायचे असेल तर सर्व्हरने कुठली तरी आज्ञावली चालवून तिचे उत्तर पुढे द्यायला हवे. यासाठी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या केंद्राने सीजीआय नावाची पद्धत काढली. ती साधी होती. पाहुणा आला की आज्ञावली सुरू करायची, तिने उत्तर दिले की ती संपवायची. पण पायथॉनसारख्या भाषेत प्रत्येक पाहुण्यामागे सारा पसारा नव्याने मांडावा लागे. प्रत्येक कप चहासाठी नव्याने चूल पेटवावी तसा हा प्रकार. दिवसाला दहा पाहुणे असतील तर चालून जाते, हजार आले की धूरच धूर.

उपाय उघड होता, चूल पेटती ठेवायची. म्हणजे पायथॉनची आज्ञावली सतत जागी ठेवायची आणि सर्व्हरने तिला एकामागून एक मागण्या द्यायच्या. हे करायचे मार्ग निघाले, पण इतके निघाले की गोंधळ झाला. झोप, क्विक्झोट, वेबवेअर, स्कंकवेब, ट्विस्टेड अशा कितीतरी चौकटी होत्या, आणि एखादी चौकट निवडली की तिला चालेल तोच सर्व्हर घ्यावा लागे. सर्व्हर आवडला तर त्याला जमेल तीच चौकट. भाड्याने जागा देणारे लोक साहजिकच या भानगडीत पडत नसत. त्या काळात स्वस्तातल्या जागेवर पीएचपी या भाषेतली फाइल नुसती नेऊन टाकली की चालत असे. पायथॉनवाल्याला मात्र विनवण्या कराव्या लागत.

डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी यावर तोडगा मांडला. त्याचे नाव डब्ल्यूएसजीआय. मला पायथॉनच्या इतिहासात याचे महत्त्व फार वाटते, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही, म्हणून इथे जरा थांबतो. एबी यांनी नवी चौकट लिहिली नाही, नवा सर्व्हरही लिहिला नाही. त्यांनी फक्त दोघांमधला करार लिहिला. आज्ञावलीने एक असे फलन द्यायचे, ज्याला दोन गोष्टी मिळतील. पहिली, आलेल्या मागणीची सगळी माहिती असलेला तक्ता. दुसरी, 'मी आता उत्तर द्यायला सुरुवात करतो' हे सांगायचे साधन. फलनाने उत्तराचा मजकूर परत करायचा. करार संपला! घरातल्या भिंतीवरच्या सॉकेटसारखे हे आहे. पिनांचे अंतर आणि जाडी ठरलेली असली की मिक्सर कुणी बनवला हे वीज कंपनीला विचारावे लागत नाही. या करारानंतर कुठलीही चौकट कुठल्याही सर्व्हरवर बसू लागली. २००५ च्या जुलैमध्ये खुली झालेली जॅंगो ही चौकट (कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ती घडवली), किंवा आर्मिन रोनाखर यांनी २०१० मध्ये आणलेली फ्लास्क, या दोन्ही या सॉकेटला बसतात. माझी पावसाची आज्ञावली फ्लास्कमध्येच होती.

पुढे जे घडले त्याचा पाया या कराराने घातला. पायथॉनची आज्ञावली कशी हाक मारल्यावर 'ओ' देते हे एकदा ठरल्यावर ती आज्ञावली कधीही न पाहिलेला माणूस, किंवा यंत्र, ती चालवू शकत होते.

आता यंत्रांकडे वळू. २००६ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉन कंपनीने आपल्या प्रचंड संगणकशाळांतले संगणक तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. लहान संगणकाचे भाडे तासाला दहा सेंट होते. अर्ज नको, करार नको, कार्डाचा नंबर द्या आणि काही मिनिटांत संगणक तुमचा. मॅकार्थींचे भाकीत इथे खरे होऊ लागले. पण हे भाड्याचे रिकामे घर होते. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत ठेवणे, कुलपे लावणे, पायथॉन बसवणे, आज्ञावली मध्यरात्री कोसळली तर उठवणे, हे सगळे भाडेकरूकडेच होते. पावसाचे आकडे गोळा करणाऱ्याने हे सारे शिकावे ही अपेक्षा जरा जास्तच.

पुढची पायरी गूगलने टाकली. ७ एप्रिल २००८ रोजी त्यांनी ॲप इंजिन जाहीर केले. सुरुवातीला ते फक्त १०,००० जणांना खुले होते आणि त्यात एकच भाषा चालत होती, पायथॉन. (गिडो व्हान रॉसम तेव्हा गूगलमध्येच कामाला होते.) इथे संगणक भाड्याने मिळतच नव्हता. तुम्ही फक्त आज्ञावली द्यायची. ती कुठल्या यंत्रावर आणि किती यंत्रांवर चालवायची हे गूगल ठरवणार. ५०० मेगाबाइट साठवण आणि महिन्याला सुमारे पन्नास लाख पाने पाहिली जातील इतके संगणन फुकट.

त्या बदल्यात बंधने मात्र कडक होती. सी भाषेत लिहिलेले भाग असलेली कुठलीही जोड आणायची नाही. म्हणजे आम्हा संशोधकांचा गणिती आधार असलेली नमपाय तेव्हा तिथे चालत नव्हती. आणि आज्ञावलीला यंत्राच्या डिस्कवर फाइल लिहायची परवानगीच नव्हती. माहिती ठेवायची तर गूगलच्या वेगळ्या कोठारात, त्यांच्या पद्धतीने. मी तेव्हा हे वाचून बरीच चिडचिड केली होती. साधी फाइलसुद्धा लिहू देत नाहीत म्हणजे काय? या प्रश्नाचे उत्तर मला नऊ वर्षांनी मिळाले. ते पुढे सांगतो.

ॲप इंजिनवर राहायचे तर त्याच्या तऱ्हेने लिहावे लागे, आणि तसे लिहिलेले दुसरीकडे नेणे अवघड होई. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेरोकू या कंपनीने वेगळा मार्ग धरला. २००७ मध्ये रूबी भाषेसाठी ती सुरू झाली, २०१० च्या डिसेंबरात सेल्सफोर्सने ती २१.२ कोटी डॉलरना घ्यायचे ठरवले, आणि सप्टेंबर २०११ पासून तिथे पायथॉनही चालू लागले. तिची स्वतःची यंत्रे नव्हती. ती ॲमेझॉनची यंत्रे घेऊन त्यावर आपली व्यवस्था मांडत होती, म्हणजे ढगावर ढग. पण आजही असे बहुतेक मंच जसे चालतात ती रीत तिथे रुळली, म्हणून ती नीट पाहू.

तुम्ही आपली आज्ञावली गिट या साधनाने त्यांच्याकडे ढकलता. गिट मुळात लिखाणातल्या बदलांचा हिशेब ठेवण्यासाठी आहे. इथे त्याचा हमालासारखा उपयोग केला जातो. मंच गाठोडे उघडून आत काय आहे ते पाहतो. 'रिक्वायरमेंट्स' नावाची फाइल दिसली की ही पायथॉनची आज्ञावली आहे हे तो ओळखतो. त्या फाइलमध्ये लागणाऱ्या जोडांची यादी असते, स्वयंपाकाच्या सामानाच्या यादीसारखी, पण नेमकी. नुसते 'फ्लास्क' लिहून भागत नाही, कितवी आवृत्ती तेही लिहायचे. पिप हे साधन ती यादी वाचून एकेक जोड आणून बसवते. मग आज्ञावली, जोड आणि पायथॉन यांचा एक सीलबंद डबा तयार होतो. दुसऱ्या एका फाइलमधल्या ओळीत आज्ञावली कशी सुरू करायची ते लिहिलेले असते. बहुधा गुनिकॉर्न नावाच्या सर्व्हरला सांगितलेले असते, की या नावाचे फलन हाक मारायला तयार आहे. हे फलन म्हणजे एबी यांच्या करारातलेच! शेवटी मंच आज्ञावलीच्या कानात सांगतो, की तू अमुक क्रमांकाच्या दारावर थांब, पाहुणे मी तिथे पाठवतो. हा दारक्रमांक, पासवर्ड, कोठाराचा पत्ता, असे जागेनुसार बदलणारे सगळे आज्ञावलीत लिहायचे नाही. ते मंचाने बाहेरून सांगायचे. हेरोकूच्या संस्थापकांपैकी एक ॲडम विगिन्स यांनी हे सगळे नियम एकत्र लिहून काढले. त्यांची संख्या बारा आहे.

आमच्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी अशाच एका मंचाची फुकट सोय घेतली. पहिला प्रयत्न फसला, कारण एक जोड माझ्या लॅपटॉपवर कधीकाळी बसवलेली होती आणि यादीत लिहायची राहिली होती. माझ्या संगणकावर तर चालत होते! दुसऱ्या प्रयत्नाला जमले. १२ जूनला शाळांनी फोनवरून आकडे भरायला सुरुवात केली. त्याच दिवशी दुपारी बाईंचा फोन आला, "सर, आम्ही पहाटे तीनला पाऊस मोजत नाही हो." साडेआठची नोंद आलेखावर तीनची दिसत होती. माझी आज्ञावली यंत्राच्या घड्याळाला वेळ विचारत होती, आणि ते घड्याळ होते जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ते मी हसत दुरुस्त केले.

१४ तारखेचा फोन हसण्यासारखा नव्हता. "सर, कालचा पाऊस कुठे गेला?"

आदल्या दिवसाचे आकडे नव्हतेच. मी विचारले, "बटण दाबले होते ना?" आणखी दोन शाळांचे फोन आले. त्यांनाही मी तेच विचारले. नेट कमजोर असेल, पुन्हा भरा असे सांगितले. त्यांनी पुन्हा भरले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. चार दिवस मी अकरा शाळांतल्या शिक्षकांवर संशय घेत होतो, आणि तो त्यांना कळत होता. आठवडाभरात तीन शाळांनी आकडे भरणे सोडून दिले.

पाचव्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आकडे गायब झाल्यावर आलेख अगदी रिकामा होत नव्हता. दरवेळी त्याच तीन नोंदी उरत होत्या, मी मे महिन्यात चाचणीसाठी घरी बसून भरलेल्या खोट्या नोंदी. मग कोडे उलगडले. आकडे ठेवायला मी एसक्यूलाइट वापरले होते. त्यात सगळी माहिती एकाच फाइलमध्ये असते, आणि ती फाइल आज्ञावलीच्या शेजारीच होती. मी आज्ञावली ढकलली तेव्हा तीही डब्यात गेली, तीन खोट्या नोंदींसकट. मंच दिवसातून एकदा तरी आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू करत असे. पुन्हा सुरू करणे म्हणजे जुना डबा फेकून मूळ डब्याची नवी प्रत उघडणे. शिक्षकांनी भरलेले आकडे जुन्या डब्यात होते. ते दररोज कचऱ्यात जात होते. मंचाच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते.

मंच असे का वागतो याला सबळ कारण आहे. गर्दी वाढली तर त्याला एकाच डब्याच्या चार प्रती चार यंत्रांवर उघडायच्या असतात. एखादे यंत्र बिघडले तर तिथली प्रत टाकून दुसरीकडे नवी उघडायची असते. हे जमायचे तर सगळ्या प्रती अगदी सारख्या हव्यात आणि कुठलीही प्रत केव्हाही फेकता यायला हवी. एका प्रतीच्या पोटात एखादा आकडा राहिला की ती वेगळी झाली, जपावी लागणारी झाली. गूगलने २००८ मध्ये फाइल लिहायला बंदी केली होती ती याचसाठी. तो मंच मला दारातच अडवत होता. या दुसऱ्याने मला लिहू दिले आणि रात्री पुसून टाकले. आता विचाराल तर दारात अडवणारा बरा.

उपाय म्हणजे आकड्यांचे कोठार आज्ञावलीपासून वेगळे करणे. पोस्टग्रेस नावाच्या वेगळ्या सेवेत आकडे ठेवले, आणि तिचा पत्ता मंचाने बाहेरून सांगायची व्यवस्था केली. डबा दिवसातून दहादा फेकला तरी कोठाराला धक्का नाही. गेलेले आकडे मात्र शिक्षकांच्या वह्यांमधून परत मिळाले. बाईंनी आपल्या शाळेची वहीची पाने फोटो काढून पाठवली, तारीख, आकडा आणि मोजणाऱ्या मुलाची सही. मी सगळ्या शाळांची माफी मागितली. सोडून गेलेल्या तिघांपैकी दोन शाळा परत आल्या.

डबा हा शब्द मी सोयीसाठी वापरला असला तरी त्याचाही एक इतिहास आहे. १५ मार्च २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅंटा क्लारा इथे पायथॉनवाल्यांच्या वार्षिक मेळाव्यात सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या एका छोट्या भाषणात डॉकर नावाचे साधन दाखवले. त्यांची कंपनीही असाच एक मंच चालवत होती. स्वतःच्या उपयोगासाठी घडवलेले डबे बनवायचे साधन त्यांनी सर्वांना देऊन टाकले. त्यांनी उपमा घेतली होती बंदरातल्या कंटेनरची. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघाले, आणि गोदीतले पोते, पेटी, पिंप अशी वेगवेगळी हमाली मागे पडू लागली. आत काय आहे याच्याशी यारीला देणेघेणे नाही, बाहेरचे माप ठरलेले. १९८९ मध्ये सुरू झालेले आपले न्हावा-शेवा बंदर अशा पेट्यांवरच वाढले. डॉकरच्या पेटीत आज्ञावली, तिचे जोड, पायथॉनची नेमकी आवृत्ती आणि आजूबाजूच्या आवश्यक फाइली असे सगळे असते. 'माझ्या संगणकावर चालते' असे कुणी म्हणालेच, तर आता त्या संगणकाचा लागेल तेवढा भाग पेटीत भरून पाठवता येतो.

फुकट सोयींचे दिवस मात्र फार टिकले नाहीत. हेरोकूने आपली फुकट योजना २८ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद केली. जगभरातल्या विद्यार्थ्यांचे आणि हौशी लोकांचे असंख्य छोटे उद्योग तिथे होते. मॅकार्थींची उपमा इथेही लागू पडते. वीज दुसऱ्याकडून घेतली की इंजिन सांभाळायला नको, पण दर ठरवणाराही दुसराच. आमची आज्ञावली जिथे होती तिथली फुकट सोयही काही काळाने संपली, आणि आम्हाला नवी जागा शोधावी लागली. यादी नेमकी होती, पत्ते आणि पासवर्ड आज्ञावलीच्या बाहेर होते, आकडे वेगळ्या कोठारात होते. एका संध्याकाळी काम झाले.

नवी जागा भाड्याची आहे, आणि ते भाडे आम्ही दोघे-तिघे मिळून भरतो. 'ढग' म्हणतात ती यंत्रे आता मुंबईतच आहेत. ॲमेझॉनची मुंबईतली केंद्रे जून २०१६ पासून चालू आहेत आणि आमचा नवा मंच त्यांच्यावरच उभा आहे. पूर्वी भोरचा पाऊस अमेरिकेला जाऊन आलेखावर येत असे, आता घाट उतरून परत येतो. जागा बदलली तेव्हा पावसाळा केव्हाच सरला होता, पण काही शाळा वर्षभर नोंद ठेवतात. कोरडा दिवस हीसुद्धा नोंदच, असे बाई मुलांना सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्सुकतेने नवा पत्ता उघडला. पहिली नोंद त्यांच्याच शाळेची होती, शून्य मिलिमीटर. वेळ, सकाळी ८ वाजून ३४ मिनिटे.